शून्य नंबरचा दिवा

त्या दिवशी दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी मी एकशे अठरा कनेक्शनं तोडली. माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत, आणि खोटं कशाला बोलू, थोड्या आनंदानेच. त्यातलं एक माझ्या धाकट्या भावाचं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो त्या वेळी खाणीच्या सातव्या बोगद्यात होता, आणि अडीच वाजता सातव्यात सुरुंग उडायचा होता.

पण आधी माझं काम सांगते, नाहीतर ही बाई बसून काय तोडत होती असं वाटायचं.

आमच्या खाणीत कोण खाली उतरलं, कुठल्या बोगद्यात गेलं आणि कोण वर आलं, ही सगळी नोंद एका मेनफ्रेमवर असते. तीन कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं ते धूड. आम्ही त्याला आजोबा म्हणतो. सगळं आठवतं, जागचे हलत नाहीत आणि कोणाशी थेट बोलत नाहीत. दारावरच्या, दवाखान्यातल्या, भांडारातल्या साध्या कॉम्प्युटरला आजोबांना काही विचारायचं असेल तर मध्ये एक सर्व्हर लागतो. तो इकडचं तिकडे पोचवतो. जोडल्या गेलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरसाठी हा सर्व्हर थोडी मेमरी बाजूला काढून ठेवतो. एकूण किती लागेल याचा हिशेब आधी मांडून ठेवायचा, हे माझं काम. मेमरी कमी पडली तर सर्व्हर लगेच मरत नाही. टेबलावर जागा उरली नाही की आपण सामान पलीकडच्या खोलीतल्या कपाटात ठेवतो आणि दर वेळी उठून आणतो, तसं तो डिस्कवर ठेवायला लागतो. मग हळू होतो, आणखी हळू होतो, आणि शेवटी बसतो.

आजोबांची एक सवयही इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे. कोणी नोंद लिहिली की आजोबा आधी ती कच्ची धरतात. लिहिणाऱ्याने 'सही'ची कळ दाबली की ती पक्की होते. कच्ची नोंदही सगळ्यांना दिसते, मोजलीही जाते. पण सही व्हायच्या आत कनेक्शन तुटलं तर आजोबा समजतात की काम अर्धवट टाकून माणूस उठून गेला, आणि ती नोंद पुसून टाकतात. कोणाला विचारत नाहीत, कोणाला सांगत नाहीत.

माझा हिशेब असा होता. सर्व्हरची एकूण मेमरी पाचशे बारा एमबी. त्यातली दोनशे बहात्तर त्याची त्यालाच लागते. उरली दोनशे चाळीस. एका कनेक्शनला अडीच. म्हणजे शहाण्णव कनेक्शनं आरामात बसतात. आणि मला लागणार होती चौसष्ट, कारण तिन्ही दारं आणि बाकीच्या खोल्या धरून खुर्च्या चौसष्ट होत्या. निम्मी वर शिल्लक. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तुमचा हिशेब म्हणजे बघायलाच नको." मी नको म्हटलं नाही.

खुर्च्या मोजायला मी स्वतः गेले होते. फॉर्म पाठवून माहिती मागवणाऱ्यांतली मी नाही. फॉर्मवर लोक वाटेल ते ठोकून देतात. पहिल्या दाराची दिव्यांची खोली लांबलचक, दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर चार्ज होत पडलेले डोक्याचे दिवे, प्रत्येकाखाली एक लाल किंवा हिरवा ठिपका. तापलेल्या रबराचा वास. समोर लाकडी काउंटर, तीस वर्षांच्या कोपरांनी मधोमध खोलगट झालेला. आणि त्यामागे दिवेवाल्या मावशी, दोरीला बांधलेला चष्मा आणि नाकावर राग. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा त्या देत आणि परत आल्यावर त्याच घेत. भिंतीवर पितळी बिल्ल्यांची फळी होती. माणूस गेला की त्याचा बिल्ला खिळ्यावर, आला की खाली.

"बसा बाई," मावशी म्हणाल्या. "एक पाळी इथं बसून बघा आम्ही कसं करतो ते. मग मोजा काय मोजायचं ते."

"मावशी, काम नका दाखवू. मला फक्त खुर्च्या सांगा."

"खुर्च्या चार."

"झालं तर मग."

"आणि खुर्चीत बसून आम्ही काय करतो ते?"

"ते आजोबा बघतील," मी म्हटलं.

हे मी फार हुशारीने बोलले असं मला तेव्हा वाटलं होतं. आठवलं की अजून कान गरम होतात. मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुढच्या माणसाला दिवा द्यायला वळल्या. मी वहीत चार लिहिलं आणि दुसऱ्या दाराकडे गेले.

त्याच महिन्यात माझ्या टिपणावरून दोन हुकूम निघाले. एक, बिल्ल्यांच्या फळ्या काढून टाकाव्यात, कारण दोन ठिकाणी नोंद असली की भांडणं होतात. दुसरा, सुरुंग उडवायचा की नाही हे फक्त स्क्रीनवरचा आकडा पाहून ठरवावं, तोंडी सांगणं चालणार नाही. दुसऱ्यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी फोनवर कोणीतरी "सगळे बाहेर" म्हणालं होतं, सगळे बाहेर नव्हते, आणि एक माणूस कायमचा बहिरा झाला. त्यामुळे तो हुकूम मी अगदी ठासून लिहिला होता. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द माझेच.

आता माझा भाऊ. लहानपणी दिसेल त्या भोकात शिरायचा म्हणून त्याला आम्ही मुंगळा म्हणायचो, आणि मोठा होऊन खाणीत पंप दुरुस्त करायला लागला तेव्हा नाव बदलायची गरजच राहिली नाही. तो, माझी भावजय आणि त्यांची दोन वर्षांची लेक माझ्याच घरी वरच्या मजल्यावर राहतात. त्या सकाळी सहाला तो जिन्यावरून धाडधाड उतरला, माझ्या ओट्यावरचा माझा थर्मास उचलला आणि दारातून ओरडला, "ताई, माझा गळतोय. संध्याकाळी देतो."

"दिलास तर नवलच," मी आतून म्हटलं. तो ऐकायला थांबला नव्हता.

पहिलं दार तीन आठवड्यांपासून सर्व्हरवर होतं. त्या दिवशी दुसरं आणि तिसरं जोडायचं होतं. पहिल्या दाराच्या काळात कनेक्शनांचा आकडा माझ्या अपेक्षेपेक्षा थोडा जास्तच दिसायचा. मी म्हटलं, असतील कोणी दोन-दोन खिडक्या उघडणारे. शिल्लक आहे ना, बघू. हे 'बघू' मी तीन आठवडे म्हणत राहिले.

सात वाजता तिन्ही दारं सुरू झाली. मी सर्व्हरच्या खोलीत बसले होते. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोन आणि थंडीने आखडणारी बोटं. साडेसातला आकडा पासष्ट. एकने चुकले म्हणून मी स्वतःशीच हसले. साडेआठला अठ्ठ्याऐंशी. दहाला एकशे एकवीस.

मी कागद काढून हिशेब पुन्हा तपासला. बरोबर होता. खुर्च्या पुन्हा मोजल्या, वहीतल्या. चौसष्टच. मग चौसष्ट खुर्च्यांवर एकशे एकवीस कोण बसलं होतं?

आकडा वाढत होता याची मला तितकी भीती वाटली नाही. भीती वाटली ती तो उतरत नव्हता याची. माणसं चहाला उठतात, जेवायला उठतात, कनेक्शन सुटतं, आकडा खाली येतो, पुन्हा चढतो. इतकी वर्षं मी हे पाहत आलेय. इथे एकदा जोडलेलं कोणी सोडतच नव्हतं. मी यादी काढली. पहिलं कनेक्शन सात वाजून दोन मिनिटांनी जोडलेलं, त्यानंतर एक अक्षर नाही. दुसरं सात वाजून चार, तेही गप्प. तिसरं, चौथं, दहावं, पन्नासावं. सगळी जागेवर होती आणि एकही बोलत नव्हतं. मग मला स्वतःचाच राग आला. पन्नाशीची बाई मी, आकड्यांना काय घाबरायचं?

शहाण्णव ओलांडल्यापासून सर्व्हर डिस्कवर सामान ठेवत होताच, एक वाजता ते हाताबाहेर गेलं. पुढचा पिवळा दिवा आधी अधूनमधून लुकलुकायचा, तो आता सलग पेटून राहिला. पंख्यांचा आवाज चढला. पाऊण सेकंदात येणारं उत्तर तीन मिनिटांनी यायला लागलं. फोन सुरू झाले. पावणेदोनला साहेब स्वतः आले, टाय सैल करून.

"काय चाललंय?"

"मेमरी भरलीय. एकशे ब्याऐंशी कनेक्शनं आहेत."

"तुम्ही चौसष्ट म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"हा बसला तर लिफ्ट थांबेल. नोंदीशिवाय लिफ्ट हलत नाही. सव्वाचारशे माणसं खाली आहेत बाई. तीनला पाळी सुटते. काय करायचं ते करा, पण आत्ता करा."

मी यादीकडे पाहिलं. तासाभरात ज्यांनी एक शब्दही उच्चारला नाही अशी कनेक्शनं वेगळी काढली. एकशे अठरा भरली. एकशे ब्याऐंशीतून एकशे अठरा गेली की किती राहतात ते मी मनात केलं आणि मला उकळ्याच फुटल्या. चौसष्ट! माझाच आकडा. म्हणजे हिशेब बरोबर होता, बाकीची सगळी झोपलेली, विसरलेली, रिकामी. मी साहेबांना तो आकडा दाखवला. मला शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

"तोडा," साहेब म्हणाले. मी आधीच कळ दाबली होती.

पंख्यांचा आवाज उतरला. पिवळा दिवा विझला. उत्तरं झटझट यायला लागली. साहेबांनी हुश्श केलं, टाय वर सरकवला, "मानलं बुवा तुम्हाला," म्हणाले आणि गेले. मी खुर्चीत मागे रेलले आणि सवयीने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे खाणीत एकूण किती माणसं आहेत तो आकडा असतो. मघाशी चारशे एकतीस होता.

आता एकोणचाळीस होता.

माणसं वर आली असतील, असं वाटलं. चौदा मिनिटांत चारशे? लिफ्टमध्ये एका खेपेला वीस मावतात. मग वाटलं, स्क्रीन चुकतोय. मी पुन्हा विचारलं. आजोबांनी लगेच उत्तर दिलं, आता मेमरी भरपूर होती ना. एकोणचाळीस. तेवढ्यात भोंगा झाला, पहिला. दोन वाजून वीस मिनिटं. सुरुंगाआधी दहा मिनिटं, पाच मिनिटं आणि उडवताना असे तीन भोंगे होतात.

फोन वाजला. मावशी होत्या.

"बाई, माझ्या खिडक्या गेल्या. सगळ्या."

"पुन्हा उघडा मावशी. झोपलेल्या खिडक्या होत्या, मीच बंद केल्या."

"झोपलेल्या नव्हत्या हो," मावशी म्हणाल्या. "त्यात माणसं होती."

"म्हणजे?"

"एका टोळीची एक खिडकी. टोळी खाली गेली की मी नावं लिहिते आणि खिडकी तशीच उघडी ठेवते. दिवे परत आले की परतीची वेळ लिहून सही करते. ज्याने दिवा दिला त्यानेच घ्यायचा, घेतल्यावरच सही करायची. तिन्ही दारांवर हेच. वहीतसुद्धा हेच होतं, तीस वर्षं. माणूस खाली असताना त्याच्या नावापुढे सही करायला आमचा हात धजत नाही बाई."

मी लिहून दिलं होतं, 'प्रत्येक नोंदीनंतर सही करावी.' त्यांनी ते वाचलं होतं आणि पाळलंही होतं. त्यांच्या लेखी माणूस वर येईपर्यंत नोंद झालेलीच नव्हती. एक पाळी तिथे बसले असते तर हे मला अर्ध्या तासात दिसलं असतं. आजोबांनी तीनशे ब्याण्णव कच्च्या नोंदी पुसल्या होत्या, आणि त्या मी पुसायला लावल्या होत्या.

"मावशी," मी म्हटलं. "सातव्यात कोण आहे?"

"भोकं पाडणारे दोनलाच आले वर. पंपवाले आतच आहेत. पंप अडलाय, वेळ लागेल म्हणून निरोप होता. सहा जण. तुमचा मुंगळा धरून." आणि मग, "बिल्ले माझ्या हातात आहेत."

"बिल्ले काढायला सांगितले होते ना?"

"फळीवरून काढले. आता खाली असलेल्यांचे पिशवीत ठेवते."

पंप सातव्याच्या अगदी टोकाला असतो. बाहेर यायची वाट एकच, सुरुंग ठासलेल्या भिंतीशेजारून. एक पंप अडला तरी दुसरा चालूच असतो, आणि तो चालू असला की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं, भोंगा कुठला ऐकू येणार! हे मला मुंगळ्यानेच जेवताना हसत हसत सांगितलं होतं.

"खिडकी उघडा आणि सहा जण लिहा," मी ओरडले. "आत्ता!"

"उघडत नाहीये. थांबा म्हणतंय. रांगेत साठावी."

अर्थातच. तिन्ही दारांवरचे सगळे दिवेवाले एकदम पुन्हा जोडायला बघत होते आणि आजोबा एकेकाचा पासवर्ड सावकाश तपासत होते. मी फोन आपटला आणि सुरुंगाच्या खोलीचा नंबर फिरवला. दुसरा भोंगा झाला.

सुरुंगमास्तर शांत माणूस. त्या कामाला तसाच लागतो.

"मास्तर, उडवू नका. सातव्यात सहा जण आहेत."

"स्क्रीनवर शून्य आहे, बाई."

"स्क्रीन चूक आहे. मी सांगतेय ना!"

"बाई, तोंडी सांगणं चालत नाही. कोणत्याही परिस्थितीत. कागद माझ्यासमोर भिंतीवर आहे, खाली तुमचं नाव आहे. मागे तोंडी ऐकलं तेव्हा खुर्चीवर मीच होतो. तो माणूस अजून बाजारात दिसतो मला."

"तेव्हा सगळे बाहेर म्हणाले होते. मी आत आहेत म्हणतेय!"

"साहेबांकडून लेखी आणा, थांबतो. नाहीतर वेळ झाली की उडवायचा, असाच नियम आहे. वात ठासून तासभर ठेवली तर तीही माणसं मारते. चार मिनिटं आहेत."

मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणखी तोऱ्यात. साहेबांची खोली दुसऱ्या इमारतीत. चार मिनिटांत लेखी कुठून येणार! डोळ्यांपुढे, का कोण जाणे, थर्मासच येत होता. त्याचं झाकण मला घट्ट लावता येत नाही, त्यालाच येतं. भावजय वरच्या खोलीत लेकीला झोपवत असेल. तिला जाऊन मी काय सांगणार होते? मेमरी वाचवली म्हणून?

त्या मेमरीवरूनच सुचलं. सर्व्हर मोकळा होता. माझं स्वतःचं कनेक्शन सकाळपासून जोडलेलं होतं, मी रांगेत नव्हते. दारावरून नोंद करायचा हक्क मला नव्हता, पण चाचणीसाठी एक दिवा मला दिलेला होता. शून्य नंबरचा दिवा. तसा दिवाच नाही, नुसती नोंद. सर्व्हर तपासताना मी तो या बोगद्यात पाठवायचे, त्या बोगद्यात पाठवायचे, परत आणायचे. चाचणीच्या माणसाला नाव द्यावं लागतं म्हणून माझंच दिलं होतं.

मी लिहिलं. दिवा शून्य. बोगदा सात. घाईत सातच्या जागी आठ पडला, पुसून पुन्हा सात केला. आणि सही दाबली. माणूस खाली असताना दाबली, पहिल्यांदा आणि शेवटची.

"मास्तर," मी फोनवर म्हटलं. "आता बघा."

भिंतीवरच्या घड्याळात काटा अठ्ठावीसवरून एकोणतिसावर गेला.

"एक दिसतोय," मास्तर म्हणाला.

"मग?"

"कोण आहे आत?"

"मी."

"बाई, तुम्ही तर माझ्याशी फोनवर बोलताय."

"स्क्रीनवर काय आहे, मास्तर?"

"एक."

"तोंडी सांगणं चालतं का?"

सुरुंगाची किल्ली कुलपातून काढल्याचा आवाज आला, नंतर ती टेबलावर ठेवल्याचा. "नाही चालत," तो म्हणाला. "थांबतो."

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. हमसून हमसून, लाजबीज काही न धरता.

पुढचं सगळं धावपळीचं होतं. साहेबांचं लेखी आलं, वात काढली गेली. पहिल्या दाराची माणसं मावशींच्या पिशवीतल्या बिल्ल्यांवरून पुन्हा लिहिली. दुसऱ्या दाराने फळी अजून काढलीच नव्हती, आळस नेहमी वाईटच असतो असं नाही. तिसऱ्या दाराने मात्र माझा हुकूम अक्षरशः पाळून बिल्ले भंगारात दिले होते. तिथला दिवेवाला वर येणाऱ्या प्रत्येकाला "तुझ्याबरोबर कोण होतं? अजून कोण आहे?" असं विचारत संध्याकाळी सहापर्यंत लिफ्टच्या तोंडाशी उभा होता. सगळे वर आले. पण सगळे म्हणजे किती, ते शेवटचा माणूस येईपर्यंत त्याला कोणीच सांगू शकत नव्हतं. मीही नाही.

मुंगळा साडेतीनला आला. कानापर्यंत काळा, काखेत माझा थर्मास, त्याला एक मोठा पोचा.

"तू इथं काय करतेस?" त्याने विचारलं. "आणि रडलीस का? पडला होता गं, नवीन आणून देईन."

मी त्याला तिथेच, दिव्यांच्या खोलीत, मावशींच्या देखत सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबवलं. थर्मास काउंटरवर ठेवला, डोक्यावरचा दिवा काढून मावशींच्या हातात दिला. मावशींनी पिशवीतून त्याचा बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि मुठीसकट थोडा वेळ धरून राहिल्या.

"घरी सांगू नकोस, ताई," तो म्हणाला. "मी सांगेन कधीतरी."

त्याने अजून सांगितलेलं नाही. मी रोज वर जाते, भाचीला खेळवते आणि भावजयीच्या डोळ्यांत बघायचं टाळते.

चौकशी झाली. मी माझी चूक लिहून दिली, शब्द न खाता. बिल्ल्यांच्या फळ्या परत लागल्या, दिव्यांच्या खोलीतली वहीही परत सुरू झाली, आणि सुरुंगाआधी ती रोज माझ्या टेबलावर येते. नवा हिशेब मी दिव्यांच्या खोलीत पंधरा दिवस बसून मांडला, खुर्च्या न मोजता, आणि सर्व्हरला दुप्पट मेमरी मागितली. साहेबांनी एका शब्दाने न विचारता दिली. त्यांनी फक्त एकच गोष्ट सांगितली. सातव्या बोगद्यात एक चुकीची नोंद राहिलीय, शून्य नंबरची, ती काढून टाका.

मी ती काढलेली नाही. साहेबांनी दोनदा आठवण केली, मग सोडून दिलं.

त्यामुळे सातव्याचा आकडा आता कधीच शून्य होत नाही. रोज सुरुंगाआधी मास्तरला स्क्रीनवर एक दिसतो. दोन दिसले तर तो किल्लीला हात लावत नाही. एकच दिसला तर आधी दिव्यांच्या खोलीत फोन करून मावशींना बिल्ले मोजायला लावतो, आणि मग मला फोन करतो.

"बाई, तुम्ही बाहेर आहात ना?"

मी आधी वहीतली सातव्याची नावं एकेक वाचते, प्रत्येकापुढची मावशींची सही पाहते, मुंगळ्याचं नाव असलं तर दोनदा पाहते. मग हो म्हणते. शून्य नंबरची नोंद सहीची आहे, तिला कनेक्शन लागत नाही, तरी तिच्या नावाची अडीच एमबी मी नव्या हिशेबात धरली आहे.